रस्त्यावरच्या दिव्यांची सिंगल फेज सर्किटं: ट्रान्सफॉर्मर आणि अर्थिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न खांब उभे करणाऱ्या कंत्राटदारांकडून, नवीन साइट इंजिनिअरांकडून आणि कधी कधी ड्रॉइंगवर सही करणाऱ्यांकडूनही येतात. आकडेमोड हवेत राहू नये म्हणून शक्य तिथे एकच सर्किट उदाहरणाला घेतलं आहे: दर ३० मीटरला एक खांब, असे २० खांब, म्हणजे ६०० मीटरची रांग. प्रत्येक खांबावर १२० वॅटचं एलईडी फिटिंग. केबल तांब्याची, १० चौरस मिलिमीटरची, आणि तिच्यातली अर्थ वायरही तेवढ्याच जाडीची. पुरवठा २३० व्होल्ट, १० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवरून. त्याच ट्रान्सफॉर्मरवर अशी एकूण तीन सर्किटं आहेत.

अर्थिंग म्हणजे नेमकं काय? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कारण एकाच शब्दावर तीन कामं लादली आहेत. पहिलं काम ट्रान्सफॉर्मरपाशी: सेकंडरीचं, म्हणजे पुरवठा बाहेर देणाऱ्या वाइंडिंगचं, एक टोक (किंवा सेंटर टॅप, म्हणजे तिच्या मधोमध काढलेली तार) जमिनीशी जोडून व्होल्टेजला एक ठिकाणा देणं. दुसरं काम वायरचं: खांब, फिटिंग, पेटी असा सगळा उघडा धातू एका सलग तारेने ट्रान्सफॉर्मरच्या त्याच बिंदूपर्यंत परत नेणं. तिसरं काम जमिनीतल्या रॉडचं, पाइपचं किंवा पट्टीचं.

साइटवर कोणी ‘अर्थिंग झालंय’ म्हणालं की बहुतेक वेळा तिसरं झालेलं असतं. जीव वाचवतं ते दुसरं.

प्रत्येक खांबाला स्वतंत्र रॉड आहे. मग केबलबरोबर वेगळी अर्थ वायर कशासाठी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

खांबाच्या आत फेजची वायर सोलवटली आणि खांबाला टेकली असं धरा. खांबाच्या रॉडचा रोध २५ ओहम, ट्रान्सफॉर्मरच्या अर्थचा ५ ओहम. परतीची तार नाही, त्यामुळे करंटला मातीतूनच परत जावं लागतं. एकूण रोध ३० ओहम. केबलचा रोध त्यापुढे किरकोळ, सोडून देऊ. २३० भागिले ३०, म्हणजे साधारण ७.७ अँपिअर.

फीडर पिलरमध्ये, म्हणजे सर्किट जिथून सुरू होतं त्या पेटीत, १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा ब्रेकर) बसवला आहे. त्याच्या दृष्टीने हा करंट म्हणजे आणखी पंधराएक दिवे लागल्यासारखं. एकट्या या करंटवर तो कधीच पडणार नाही. आणि खांब? दूरच्या जमिनीच्या तुलनेत तो ७.७ गुणिले २५, म्हणजे १९० व्होल्टच्या वर उभा आहे. दिवे लागलेले, कुठे ठिणगी नाही, तक्रार नाही. शिवाय त्या रॉडभोवतीच्या मातीत सुमारे दीड किलोवॅट उष्णता मुरते आहे. माती सुकते, रॉडचा रोध चढतो, करंट आणखी कमी होतो आणि खांबावरचं व्होल्टेज आणखी वाढतं. म्हणजे दोष जितका जुना, तितका एमसीबीला तो कमी दिसतो.

मी स्वतः एकदा हे पाहिलं आहे. पाऊस नुकताच थांबला होता, सगळा फुटपाथ ओला, आणि एका खांबाच्या पायाभोवती परातीएवढं गोल वर्तुळ कोरडं पडलेलं. पायथ्याच्या झाकणाचे स्क्रू गंजून एक झाले होते. सर्किट बंद करून, ते तोडून आत पाहिलं तर केबलच्या तिन्ही वायरी होत्या, त्यातली हिरवी, म्हणजे अर्थ वायर, नीट गुंडाळून टेपने बांधून ठेवलेली. ‘रॉड दिलाय ना, म्हणून ही जोडली नाही,’ असं उत्तर मिळालं. रॉडचं माप रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, १६ ओहम. माप खरंच होतं, फक्त त्याचा ब्रेकर पडण्याशी काही संबंध नव्हता.

हिरवी वायर जोडली की करंटला तांब्याची वाट मिळते. मग तो ७-८ अँपिअर राहत नाही, त्याच्या अनेक पट होतो.

मग रॉड काढूनच टाकावेत का?

नाही. वीज खांबावर किंवा जवळपास कोसळली तर तो करंट लगेच तिथेच जमिनीत उतरायला जागा हवी. ६०० मीटर लांबच्या अर्थ बिंदूचा तिथे उपयोग नाही. व्होल्टेजचा अचानक आलेला झटका जमिनीत उतरवणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरलाही जवळचा अर्थ लागतो. आणि न्यूट्रल व अर्थ एकाच तारेत असलेल्या पुरवठ्यात ती तार तुटलीच, तर जागोजागचे रॉड खांबांवरचं व्होल्टेज काही अंशी दाबून धरतात. रॉडला त्याचं काम करू द्या, वायरचं काम त्याच्याकडून मागू नका.

रॉडचा रोध कमी करायला जाड रॉड घ्यावा का?

जाडीने फारसं साधत नाही, खोलीने साधतं. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली तर १६ मिलिमीटर व्यासाच्या ३ मीटर रॉडचा रोध ३३ ओहमच्या आसपास येतो. व्यास दुप्पट केला तर ३० च्या जवळ. लांबी दुप्पट केली तर १९ च्या खाली. दोन रॉड ठोकायचे असतील तर त्यांच्यात निदान एका रॉडच्या लांबीइतकं अंतर ठेवा. शेजारी शेजारी ठोकलेले दोन रॉड जवळजवळ एकाच रॉडसारखे वागतात.

खांबाच्या पायाचं काँक्रीट हा अनेकदा फुकट मिळालेला अर्थ असतो. काँक्रीट मातीतला ओलावा धरून ठेवतं आणि आतल्या सळयांचा मातीशी संपर्क मोठ्या क्षेत्रावर होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अॅरिझोनातल्या कोरड्या जमिनीवर दारूगोळ्याच्या कोठारांसाठी हर्बर्ट उफर यांनी हीच युक्ती वापरली. अमेरिकेत अशा अर्थला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. फक्त सळया आणि अँकर बोल्ट यांची जोडणी काँक्रीट ओतण्याआधी करावी लागते.

अर्थ वायर शेवटच्या खांबापर्यंत जोडलेली आहे. आता एमसीबी पडेलच ना?

जवळच्या खांबावर पडेल. विसाव्या खांबावर पडेलच असं नाही, ते मोजावं लागतं.

१० चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध २० अंशाला किलोमीटरमागे १.८३ ओहम. ६०० मीटर जाताना १.१ आणि अर्थ वायरमधून परत येताना १.१, मिळून २.२ ओहम. दोष चालू असताना तार तापते, म्हणून १.२ ने गुणायचं: साधारण २.६४. ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा इंपीडन्स (एसी करंटला होणारा एकूण विरोध) ४ टक्के असेल तर १० केव्हीएला २३० व्होल्टवर तो ०.२१ ओहम होतो. एकूण २.८५ ओहम. दोषाचा करंट ८१ अँपिअर.

आकडा मोठा वाटतो. पण एमसीबी किती पट करंटला तत्काळ पडतो ते त्याच्या कर्व्हवर ठरतं, आणि १६ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी तत्काळ पडायची खात्री १० पट करंटला, म्हणजे १६० अँपिअरला असते. ८१ अँपिअरवर तो आधी तापेल आणि काही सेकंदांनी पडेल. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या भाग ४-४१ मध्ये २३० व्होल्टच्या टीएन पद्धतीत (उघडा धातू तारेने ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ बिंदूला जोडलेला असतो ती) ३२ अँपिअरपर्यंतच्या स्थिर जोडणीच्या अंतिम सर्किटांना ०.४ सेकंद दिले आहेत. बी कर्व्हची हमी ५ पटीला, म्हणजे ८० अँपिअरला. तो काठावर पास होतो, आणि काठावर पास होणाऱ्या गोष्टीवर माणसाचा जीव ठेवू नये.

हा प्रश्न अलीकडे वाढला त्याचं कारण एलईडी. सोडियम व्हेपरच्या दिवसांत २५० वॅटचा दिवा चोकसकट २८० च्या आसपास ओढायचा. व्होल्टेज पडलं की दिवा मंद व्हायचा, कधी विझून पुन्हा पेटत राहायचा. त्यामुळे केबल जाड घ्यावीच लागायची आणि दोषाची वाट आपोआप चांगली मिळायची. एलईडी आली, लोड निम्म्यावर आला, ड्रायव्हर (एलईडीला हवा तसा करंट पुरवणारं उपकरण) बऱ्याच कमी-जास्त व्होल्टेजवर न कुरकुरता चालतो, म्हणून केबल बारीक झाली. व्होल्टेज ड्रॉपचं गणित बसतं. दोषाच्या करंटचं गणित कोणी करतच नाही.

उपाय असे. ट्रान्सफॉर्मर किंवा फीडर पिलर रांगेच्या मधोमध ठेवा, प्रत्येक बाजूची लांबी ३०० मीटर होते आणि दोषाचा करंट जवळजवळ दुप्पट होतो. माझी पहिली पसंती हीच, कारण तीत पुढे कोणाला काही सांभाळावं लागत नाही. ते जमत नसेल तर अर्थ वायर जाड करा, कर्व्ह किंवा रेटिंग खाली आणा, नाहीतर ३०० मिलिअँपिअरचा आरसीडी (जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटमध्ये फरक दिसला की पडणारा स्विच) बसवा. प्रत्येक खांबाच्या कटआउटमध्ये (खांबातल्या फ्यूजच्या पेटीत) ६ अँपिअरचा फ्यूज तर असावाच. फिटिंगकडे जाणाऱ्या वायरीतला दोष तो तिथल्या तिथे तोडतो आणि बाकीचे १९ दिवे चालू राहतात. पण कटआउटच्या आधी, केबल ग्लँडपाशी (केबल जिथे आत शिरते तिथल्या पकडीपाशी) दोष झाला तर भिस्त पिलरमधल्या एमसीबीवरच.

ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा घ्यायचा?

एका सर्किटचे २,४०० वॅट, पॉवर फॅक्टर ०.९५, म्हणजे सुमारे २.५ केव्हीए. तीन सर्किटांचे ७.६. पुढचा तयार मिळणारा आकार १० केव्हीए. त्यात वाढीलाही थोडी जागा राहते.

फार मोठा घेऊ नका. दिव्यांचा लोड ठरलेला असतो, घरगुती लोडसारखा वर-खाली होत नाही. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा कोअर लॉसही (लोड नसतानाही गाभ्यात वाया जाणारी वीज) मोठा, आणि काँटॅक्टर (दिवे चालू-बंद करणारा स्वयंचलित स्विच) सेकंडरीला असेल तर तो लॉस दिवसाढवळ्याही चालूच राहतो.

२३० ऐवजी ४८० व्होल्टवर रांग चालवली तर?

केबलच्या दृष्टीने फायदाच फायदा. आपल्या सर्किटमध्ये सुरुवातीला ११ अँपिअर निघतो आणि वाटेत प्रत्येक खांबाशी कमी होत जातो. सगळा लोड शेवटच्या टोकाला धरला असता तर जो ड्रॉप आला असता, त्याच्या साधारण ५२ टक्केच प्रत्यक्षात येतो, कारण लोड रांगेत सारखा वाटलेला आहे. हिशेब केला तर १२.७ व्होल्ट, म्हणजे ५.५ टक्के. ४८० व्होल्टवर करंट निम्म्याहून खाली येतो, ड्रॉप ६ व्होल्टच्या आसपास आणि टक्केवारी १.३. व्होल्टेज दुप्पट केलं की टक्केवारीतला ड्रॉप चौथाईवर येतो, हे पाठ करून ठेवण्यासारखं आहे.

बदल्यात फिटिंग, ड्रायव्हर, फ्यूज आणि सर्ज प्रोटेक्टर सगळं त्या व्होल्टेजचं लागतं. मागाहून कोणी २३० चं फिटिंग लावलं तर ते पहिल्याच संध्याकाळी जळतं.

२४०/४८० च्या सेंटर टॅपमध्ये फ्यूज एका वायरला लावायचा की दोन्ही?

दिवा दोन फेजच्या मध्ये असेल तर दोन्ही वायरींना. दोन्ही जमिनीपासून २४० व्होल्टवर असतात. एकाच वायरला फ्यूज असेल तर तो उडाल्यावर दिवा विझतो, पण दुसरी वायर फिटिंगमध्ये तशीच जिवंत राहते आणि शिडीवर चढलेल्याला वाटतं की लाइन मेली. ब्रेकरही दोन पोलचा, एकाच खटक्याने दोन्ही तोडणारा. न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीही नाही.

न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना कुठे जोडायचे?

वेगळी सेकंडरी असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर, एकाच ठिकाणी. ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर किंवा त्यानंतरच्या पहिल्या मेन स्विचमध्ये. दोन्हीकडे नको.

पुढे एखाद्या खांबात न्यूट्रल अर्थला टेकली, चुकून किंवा ‘अर्थिंग चांगलं होईल’ म्हणून, तर दिव्यांचा नेहमीचा परतीचा करंट दोन वाटांनी विभागला जातो. थोडा न्यूट्रलमधून, थोडा अर्थ वायरीतून, खांबातून, मातीतून. काही बिघडलेलं दिसत नाही. मात्र ओल्या पायांनी खांबाजवळून जाणारं कुत्रं एकाएकी केकाटतं. माणसाच्या पायात बूट असतात, त्याच्या नसतात.

हे शोधायला सोपी रीत आहे. पिलरपाशी फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्प मीटरच्या जबड्यात घ्या. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर मीटर शून्याजवळ राहतो. काहीशे मिलिअँपिअर दिसले तर कुठेतरी जास्तीची जोडणी किंवा गळती आहे. मग अर्ध्या रांगेवर जा, पुन्हा मोजा, कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवा. २० खांबांत चार-पाच मापांत जागा सापडते.

सेकंडरी अर्थ केलीच नाही तर शॉक बसणार नाही, हे खरं का?

पहिल्या दोषापुरतं, तेही कागदावर. एक वायर खांबाला टेकली तरी करंटला परतायला वाट नाही, म्हणून फ्यूज उडत नाही आणि कोणाला कळतही नाही. नकळत आता एक टोक अर्थ झालेलं असतं. काही महिन्यांनी दुसरी वायर दुसऱ्या खांबात टेकते आणि दोन खांबांच्या मध्ये पूर्ण व्होल्टेज उभं राहतं. शिवाय प्रायमरी (पुरवठा आत घेणारी वाइंडिंग) आणि सेकंडरी यांच्यामधलं इन्सुलेशन फुटलं तर वरच्या बाजूचं व्होल्टेज थेट दिव्यांच्या तारांवर येतं. इन्सुलेशनवर सतत नजर ठेवणारं उपकरण आणि त्याच्या अलार्मकडे धावणारा माणूस असेल तरच अशी पद्धत चालते. रस्त्यावर तो माणूस नसतो.

ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो. वापरावा का?

व्होल्टेज थोडं वर-खाली करायला चालतो. पण त्याची वाइंडिंग एकच असते, दोन बाजू एकमेकींपासून वेगळ्या होत नाहीत. त्याच्यापुढे नवा न्यूट्रल-अर्थ बाँड करायचा नाही, मूळ पुरवठ्याचाच पुढे जातो. सामाईक टोकाची वायर तुटली तर कमी बाजूवर पूर्ण वरचं व्होल्टेज येऊ शकतं.

प्रायमरीला ब्रेकर आहे. सेकंडरीला वेगळा हवाच का?

सेकंडरी दोन वायरींची असेल तर प्रायमरीचा ब्रेकर, गुणोत्तराचा हिशेब करून, दोन्ही बाजू सांभाळू शकतो. तिकडचा करंट तो त्याच प्रमाणात इकडे पाहतो.

तीन वायरींची असेल तर फसगत होते. १० केव्हीएच्या २४०/४८० सेकंडरीचा पूर्ण करंट २०.८ अँपिअर. सगळा लोड चुकून एकाच अर्ध्या वाइंडिंगवर आला आणि तिथून ४० अँपिअर वाहू लागला, तर ते २४० व्होल्टवर ९.६ केव्हीए. प्रायमरीला सगळं मर्यादेत दिसतं आणि सेकंडरीचा तो अर्धा भाग जवळजवळ दुप्पट करंटवर भाजून निघतो. तिथे सेकंडरीला स्वतंत्र ब्रेकर लागतोच.

संध्याकाळी दिवे चालू होताना ब्रेकर पडतो, दुसऱ्यांदा उचलला की राहतो. का?

दोन कारणं, कधी कधी दोन्ही एकदम. ट्रान्सफॉर्मर चालू करताना लाटेच्या नको त्या क्षणी स्विच पडला तर कोअर सॅच्युरेट होऊन पूर्ण लोडच्या ८ ते १२ पट करंट काही सायकल वाहतो. दुसऱ्या वेळी क्षण वेगळा असतो, म्हणून टिकतो. दुसरं, प्रत्येक एलईडी ड्रायव्हरच्या आत कपॅसिटर असतो, तो भरताना एका मिलिसेकंदाच्याही आत मोठा झटका घेतो. असे वीस एकदम.

ब्रेकर डी कर्व्हचा करून टाकणं हा सोपा मार्ग दिसतो, पण मग वर मोजलेल्या ८१ अँपिअरच्या दोषाचं काय? डी कर्व्हला तत्काळ पडायला २० पट लागतं. त्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर कायम चालू ठेवून काँटॅक्टर सेकंडरीला घ्या आणि सर्किटं काही सेकंदांच्या फरकाने चालू करा.

आरसीडी सारखा पडतो. काढून टाकू का?

आधी गळती मोजा. ड्रायव्हरच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे जातच असतो. दिव्यामागे ०.७ मिलिअँपिअर धरला तर २० दिव्यांचे १४ होतात. आरसीडी त्याच्या रेटिंगच्या निम्म्यापासून पुढे कधीही पडू शकतो, म्हणजे ३० मिलिअँपिअरचा १५ वरच. थोडी दमट रात्र पुरते. संपूर्ण रांगेला ३० चा आरसीडी ही निवडच चुकीची होती. रांगेला वेळ लावून पडणारा ३०० चा द्या. ३० चा तिथे ठेवा जिथे लोकांचा हात रोज लागतो, जसं की बसथांब्याचे आणि जाहिरात फलकांचे दिवे.

डबल इन्सुलेटेड, म्हणजे क्लास २ फिटिंग असेल तर अर्थ नको ना?

फिटिंगला नको. पण धातूच्या खांबातून साध्या इन्सुलेशनची वायर जात असेल तर खांबाला हवा.

काम झाल्यावर काय काय मोजायचं?

पुरवठा बंद असताना आधी अर्थ वायरची सलगता, पिलरपासून शेवटच्या खांबाच्या उघड्या धातूपर्यंत. प्रोब बोल्टवर नको, खांबाच्या पत्र्यावर ठेवा, रंग खरवडून. लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) रंगावरच आवळलेला असतो तो इथेच पकडला जातो. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण), ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवून. १ मेगाओहमच्या खाली आलं तर पुढे जाऊ नका. दिवे चालू केल्यावर शेवटच्या खांबात लूप इंपीडन्स, म्हणजे दोषाच्या करंटच्या जाण्या-येण्याच्या पूर्ण वाटेचा विरोध. वर हिशेबाने तापलेल्या तारेचे २.८५ ओहम काढले. थंड तारेवर मीटरने २.४ च्या आसपास दाखवायला हवं. ३.५ दाखवलं तर वाटेत कुठेतरी एक सांधा सैल आहे.

रॉडचा रोध तीन टोकांच्या पद्धतीने मोजा, मधली खुंटी करंटच्या खुंटीपर्यंतच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर. आणि रॉड वायरीपासून सोडवून. जोडलेला असताना क्लॅम्पवाल्या अर्थ टेस्टरने मोजलं आणि ०.८ ओहम आलं म्हणून खूश होणारे पुष्कळ भेटतात. तो रॉड नसतो, तारेतून आणि शेजारच्या खांबातून फिरून आलेला लूप असतो. प्रत्येक खांबावर फोटोसेल (अंधार पडला की दिवा लावणारा सेन्सर) असेल तर दिवसाही केबल जिवंत आहे हे धरून झाकण उघडा.

जुन्या नकाशांत ‘६.६ अँपिअर सर्किट’ लिहिलेलं सापडतं. ते काय?

ती सीरीज सर्किटं. सगळे दिवे एकामागोमाग एक जोडलेले आणि स्थिर करंट देणारा ट्रान्सफॉर्मर. तिथे व्होल्टेज लोडप्रमाणे हजारांत जाऊ शकतं आणि तुटलेल्या टोकांवर तर ट्रान्सफॉर्मर जितकं देऊ शकतो तितकं सगळं येतं. रस्त्यांवरून ती बहुतेक गेली, पण विमानतळांच्या धावपट्टीच्या दिव्यांत ६.६ अँपिअर अजून चालतो, प्रत्येक दिव्याला स्वतःचा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर लावून. जमिनीत अशी जुनी केबल सापडली तर ती कापायच्या आधी दुसरं टोक कुठे जातं ते शोधा.